लागेल कधीतरी

घरातली जुनी वस्तू टाकताना ज्यांच्या पोटात कालवतं, त्यांनी पोकरच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या मजल्यावरच्या नानांना पोकर शिकताना पाहून ते झालेलं आहे.

नाना सरकारी खात्याच्या हिशेब शाखेतून निवृत्त झाले. डोंबिवलीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, आतल्या खोलीत माळा आहे आणि माळ्यावर तिसरी खोली भरेल एवढं सामान आहे. ट्यूबलाइटचे जळलेले चोक, कान तुटलेल्या कढया, लग्नपत्रिकांचे कापून ठेवलेले कोरे भाग, घरातून केव्हाच गेलेल्या रेडिओचा मागचा पुठ्ठा, झाकणं नसलेले डबे आणि त्यांच्याच शेजारी डबे नसलेली झाकणं. यातलं काही काढायचा विषय माईंनी काढला की नाना माळ्याकडे प्रेमानं बघून म्हणतात, "राहू दे गं. लागेल कधीतरी." माळा भरल्यावर सामान जिन्याखाली उतरलं. जिना सगळ्यांचा आहे, याची आठवण सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत कोणीतरी करून देतं आणि नाना ती इतिवृत्तात वळणदार अक्षरात नोंदवतात. सेक्रेटरी तेच आहेत.

अशा माणसाच्या घरात पोकर शिरला तो कायद्यामुळे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि बंगळुरूच्या जावयाच्या फोनमधला पोकर बंद पडला. जावई पैसे लावून खेळतो, हेही नानांना त्या बंदीमुळेच कळलं. पाठोपाठ गणपती आले आणि गणपतीबरोबर जावई.

"जावईबापू," नाना आरती झाल्यावर म्हणाले, "जुगार?"

"नाना, कौशल्याचा खेळ आहे तो. सुप्रीम कोर्टानं 1967 सालीच म्हटलंय."

"रमीबद्दल म्हटलंय." आयुष्यभर शासननिर्णय शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस तो. "पोकरबद्दल नाही."

पण गणपतीत रात्री जागवायच्या तर पत्ते हवेत, आणि बदाम सात खेळून नातू सोडून सगळे कंटाळले होते. शेवटी तोडगा निघाला. नातवाच्या 'व्यापार'मधल्या नोटा लावायच्या, खऱ्या पैशाला हात नाही. 1887 चा मुंबईचा जुगारविरोधी कायदा व्यापारच्या नोटांच्या आड येत नाही, अशी नानांनी मनोमन खात्री करून घेतली आणि सतरंजी अंथरली गेली.

खेळ जावयानं झटपट सांगितला. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून. मग मध्ये पाच पत्ते उघडे: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि मधले पाच यांतून जमतील ते सर्वांत चांगले पाच घ्यायचे. ज्याचे भारी त्याच्या नोटा. प्रत्येक टप्प्यावर लावायचं, वाढवायचं, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. "एवढंच," जावई म्हणाला. नानांना एवढं सगळं पाच मिनिटांत आलं, यात अतिशयोक्ती नाही. फक्त शेवटचं कलम सोडून.

खरं तर सुरुवातीचा त्रास वेगळाच होता. नाना गिरगावातल्या चाळीत वाढलेले. गोकुळाष्टमीच्या रात्री गॅलरीत चालणारी तीन पत्ती त्यांच्या हाडीमासी भिनलेली. जावई म्हणाला, "नाना, तुमची ब्लाइंड," आणि नानांनी नोट टाकून हाताची घडी घातली.

"पत्ते बघा ना."

"ब्लाइंड आहे."

"ती लावून झाली. इथे ब्लाइंड म्हणजे वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी आधीच ठरलेली रक्कम लावायची. पत्ते बघायला काही हरकत नाही."

"बघितल्यावर चाल दुप्पट."

"इथे नाही होत दुप्पट."

"तुमच्याकडे नसेल होत," नाना म्हणाले आणि पत्त्यांना बोटही न लावता शेवटपर्यंत नोटा टाकत राहिले. मध्येच त्यांनी जावयाकडे वाकून हळूच साइड शो मागितला. तोही पोकरमध्ये नसतो. आणि तो डाव ते जिंकले! नवशिक्यावर याहून मोठं संकट येऊ शकत नाही. पहिल्याच दिवशी हरला तर माणूस शिकतो तरी.

गौरी आल्या त्या रात्री सिक्वेन्सचं प्रकरण झालं. नानांकडे सत्तीपासून गुलामापर्यंत पाच पत्ते ओळीनं लागले. ते नोटांचा ढीग ओढायला लागले, तेवढ्यात जावयानं पाच बदाम मांडले.

"माझा कलर आहे, नाना."

"असू दे की. सिक्वेन्स मोठा."

"पोकरमध्ये कलर मोठा."

"हे कोणी ठरवलं?" नानांनी विचारलं. जावयाला उत्तर येत नव्हतं. त्याला नियम माहीत होता, कारण माहीत नव्हतं. नानांना अशानं झोप लागत नाही. सकाळी दुधाच्या आधी माझी बेल वाजली. नानांच्या हातात मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान होतं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब. बावन्न पत्त्यांतून पाच पत्ते 25,98,960 तऱ्हांनी येऊ शकतात. त्यांत नुसत्या सिक्वेन्सच्या तऱ्हा 10,200 आणि नुसत्या कलरच्या 5,108. म्हणजे कलर दुर्मीळ, म्हणून तो मोठा. तीन पत्तीत एकूण तऱ्हा 22,100. त्यांत सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096. तिथे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा.

"म्हणजे जावईही बरोबर आणि मीही बरोबर," नाना म्हणाले. "पण मी आधीपासून बरोबर." त्यांनी त्याच पानावर सगळ्या डावांची उतरंड सुरेख अक्षरात लिहून काढली. वरती रॉयल फ्लश, ज्याच्या त्या पंचवीस लाखांत फक्त 4 तऱ्हा. खाली एकटा मोठा पत्ता. ते पान आता टीपॉयच्या काचेखाली आहे. नानांना काही चांगलं लागलं की ते मान वाकवून काचेत बघतात. त्यावरून सगळ्यांना कळतं की नानांना काही चांगलं लागलंय.

तर, गणितात नाना कच्चे नाहीत. जावयानं त्यांना पोकरचा एक ठोकताळा सांगितला. मधले तीन पत्ते उघडले की आपल्याला हवेत असे किती पत्ते अजून बाहेर आहेत ते मोजायचं आणि चारानं गुणायचं. येईल तो आकडा शंभरातला. एकच पत्ता उघडायचा राहिला असेल तर दोनानं गुणायचं. आपले चार बदाम जमलेत, पाचवा हवाय. तेरातले चार दिसले, राहिले नऊ.

"नऊ चोक छत्तीस," नाना जावयाचं वाक्य संपायच्या आत म्हणाले. "आणि एकच पत्ता राहिला, तर नऊ दुणे अठरा." पावकी-दिडकी अजून पाठ असलेल्या माणसाला इथे शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

थोड्याच वेळात नेमका तोच प्रसंग आला. मध्ये तीनशेच्या नोटा. एकच पत्ता उघडायचा राहिलेला. जावयानं आणखी तीनशे लावले. नानांनी मोठ्यानं हिशेब मांडला: "मी तीनशे घातले तर एकूण नऊशे. म्हणजे तिनात एकदा तरी जिंकायला हवं, शंभरात तेहतीस वेळा. माझे आहेत अठरा. सोडायला हवं." सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनी तीनशे घातले.

"अहो, आत्ताच म्हणालात ना!" माई म्हणाल्या.

"माझे शंभर आधीच आत आहेत."

"ते आता तुमचे नाहीत, नाना," जावई म्हणाला. "आत गेलेले पैसे ढिगाचे झाले."

"माझ्या हातानं घातलेत!"

आणि याच माणसानं नोकरीत असताना एका अर्धवट राहिलेल्या बंधाऱ्याच्या फायलीवर 'झालेला खर्च पाहून पुढील खर्च मंजूर करता येणार नाही' असा शेरा मारून वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला होता. ती गोष्ट ते अजून अभिमानानं सांगतात. सरकारच्या पैशाबद्दल त्यांना जे दिसलं, ते स्वतःच्या व्यापारच्या नोटांबद्दल दिसत नाही.

नानांचं खरं दुखणं मात्र पैशाचं नाहीच. दुखणं टाकण्याचं आहे. मधले पत्ते उघडायच्या आधी वाटणारा वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला ठेवतो. वरच्या पत्त्यावर कोणी खूण केलेली असली तर तिचा फायदा मिळू नये, म्हणून पडलेली ही जुनी पद्धत. जावयानं असा पत्ता पहिल्यांदा बाजूला टाकला तेव्हा नानांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो उलटून पाहिला. किलवरचा एक्का.

"अहो, चांगला एक्का आहे हा!"

"बाद झाला तो, नाना."

"फाटलेला नाही, काही नाही, बाद कसा?"

हातात येतील त्या दोन पत्त्यांत सगळ्यांत टाकाऊ म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे सात आणि दोन. सिक्वेन्सला लांब, कलरला कुचकामी, आकड्यानं लहान. पोकर शिकवणारा कोणीही पहिल्या दिवशी सांगतो की नवख्या माणसानं बहुतेक वेळा सुरुवातीलाच पत्ते टाकावेत. टेबलाशी जास्त माणसं असतील तर चारांतून तीनदा तरी. नानांनी हे ऐकलं, कॅलेंडरच्या पानावर तळटीप म्हणून लिहिलं आणि पुढच्याच डावात सात-दोन उचलून चष्मा कपाळावर ढकलला. चष्मा कपाळावर गेला की हात वाईट, हेही आता सगळ्यांना माहीत आहे.

"टाका हो नाना," मुलगी म्हणाली.

"आत्ताच? मधले पत्ते यायचेत अजून."

"काही यायचं नाही."

"तुला काय माहीत? अजून एक सत्ती आली, एक दुर्री आली..." नोट पुढे सरकली. "लागेल कधीतरी."

आणि लागतं, हाच या खेळाचा दुष्टपणा! समोर एक्क्यांची जोडी असली आणि दोघंही शेवटपर्यंत थांबले, तरी सात-दोन शंभरात बाराएक वेळा जिंकतात. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी वेळा काय झालं ते नानांना आठवत नाही. त्या बारांतली प्रत्येक वेळ त्यांना तिथीसकट पाठ आहे.

गौरी जेवल्या त्या रात्री त्यांनी आयुष्यात एकदा सात-दोन टाकले. मुलीनं शपथ घातली म्हणून. मध्ये तीन पत्ते उघडले: सत्ती, सत्ती, दुर्री. नाना काही बोलले नाहीत. घरातलं कधी नव्हे ते एखादं झाकण टाकावं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच मापाचा डबा घरात यावा, हा अनुभव प्रत्येक मराठी घराला आहे. त्यानंतर नानांनी एकही पत्ता टाकलेला नाही.

पोकरवाले अशा माणसाला कॉलिंग स्टेशन म्हणतात. कोणी कितीही लावू दे, हा तेवढे घालतो आणि पत्ते दाखवा म्हणतो. गंमत अशी की जावयाची सगळी विद्या या स्टेशनाबाहेर उभी राहिली. हातात काही नसताना मोठी रक्कम लावायची आणि समोरच्याला घाबरवून पत्ते टाकायला लावायचं, ही या खेळातली नजाकत. ती त्याच्यावर चालते ज्याला पत्ते टाकता येतात. जावई चेहरा दगडी करून पाचशेची नोट सरकवायचा. नाना तितकीच नोट काढायचे. त्यात अडचण एकच, समोर जावई. गणपतीला आलेल्या जावयाला 'तुम्ही खोटं लावताय' असं कसं म्हणायचं? म्हणून नाना आधी क्षमा मागायचे. "अविश्वास नाही हं, जावईबापू. मला आपलं टाकवत नाही, म्हणून बघतो." जावयाचे पत्ते उघडे पडायचे. चौकी आणि दहा. "छान होते की," नाना म्हणायचे आणि ढीग ओढायचे.

मधले पत्ते सगळ्यांचे असतात हेही त्यांना मनापासून पटलेलं नाही. मध्ये दोन राण्या आल्या की ते "माझी जोडी!" म्हणतात. "ती सगळ्यांची आहे, नाना. जिन्यासारखी," असं मी एकदा म्हणालो. पुढचे दोन डाव ते माझ्याशी बोलले नाहीत.

उलट चांगला हात आला की नाना ताठ बसतात आणि माईंना चहा टाकायला सांगतात, म्हणजे पुढे व्यत्यय नको. चहाचं नाव निघालं की आम्ही सगळे पत्ते टाकतो. मग दोन एक्के धरून बसलेल्या नानांच्या पदरात ब्लाइंडच्या दोन फुटकळ नोटा पडतात. असे दोन एक्के 221 वेळांत सरासरी एकदा येतात. "लोकांना खेळायची हौसच राहिली नाही," असं म्हणत ते चहा पितात.

जावयानं एकदा शेवटचा उपाय म्हणून अमेरिकेतली गोष्ट सांगितली. 2003 साली लास व्हेगासची जागतिक स्पर्धा टेनेसीतल्या एका हिशेबनिसानं जिंकली. शंभर डॉलरच्या आतलं शुल्क भरून तो ऑनलाइन स्पर्धेतून तिथे पोचला होता आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. नाव ख्रिस मनीमेकर.

"टोपणनाव?"

"खरं आडनाव."

"हिशेबनीस होता म्हणता?" नाना माईंकडे बघत म्हणाले.

जावई रंगात आला. शेवटी मनीमेकर आणि सॅमी फरहा असे दोघंच उरले. एका डावात मनीमेकरच्या हाती राजा आणि सत्ती, जमलेलं काहीच नाही. तरी त्यानं समोरचं सगळं पणाला लावलं. फरहाकडे नव्वींची जोडी होती, तो पुढे होता. त्यानं खूप विचार केला आणि पत्ते टाकले. मनीमेकरचं हे धाडस पोकरच्या जगात अजून सांगितलं जातं.

नाना बराच वेळ सुन्न होते. त्यांना मनीमेकरचं काही वाटलंच नव्हतं.

"जोडी टाकली?" ते म्हणाले. "हातात असलेली जोडी?"

आता माईंविषयी. माई दोन पत्ते उचलतात, एकदा बघतात आणि रद्दीवाल्यापुढे पेपर टाकावेत तसे टाकून उठतात. "काय होतं?" नाना विचारतात. "काही नव्हतं." "बघू तरी." नाना ते पत्ते उचलतात आणि हळहळतात: "गुलाम आणि चौकी! चांगले होते की!" तोवर माई आत गेलेल्या असतात. कधी दोन-चार डावांनी एकदा त्या बसून राहतात, आणि तेव्हा त्यांच्याकडे जे असतं त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. रात्री उशिरा नोटा मोजल्या की निम्म्याहून जास्त त्यांच्याकडे निघतात. नानांचं निदान ठरलेलं: "नशीब आहे तिचं. खेळते कुठे? नुसती टाकते."

जावई परत गेला, खेळ राहिला. आता शनिवारी रात्री बैठक असते. पोकरमध्ये पत्ते टाकणाऱ्या माणसाला एक गोष्ट भरपूर मिळते, ती म्हणजे मोकळा वेळ. इतर लोक तो फोनमध्ये घालवतात. माईंनी तो माळ्याकडे वळवला. बाहेर नाना सात-दोन धरून मधल्या पत्त्यांची वाट बघत असतात तेव्हा आतल्या खोलीत शिडी लागलेली असते. साधारण एका डावात एक पिशवी निघते. मी पत्ते टाकले असतील तर शिडी मी धरतो. पिशव्या माझ्या गॅलरीत राहतात आणि सकाळी नाना फिरायला गेले की भंगारवाला त्या नेतो. चोक गेले, कढया गेल्या, पुठ्ठा गेला. झाकणांचं काम चालू आहे. जिन्याखालचं अजून बाकी आहे. नानांनी वर बघितलेलं नाही, कारण हल्ली त्यांचं सगळं लक्ष सतरंजीवर असतं.

तेव्हा आमच्या इमारतीत जे कोणी हा अंक घेतात त्यांना विनंती: वाचून झाल्यावर तो नानांना वाचायला देऊ नका. सरळ रद्दीत घाला.